तेविसावी ओळ

जगात असा एकही डाग नाही, जो बावीस ओळींत निघत नाही!

हे वाक्य सल्लागारांचं. ऑफिसात, घरी, जिन्यात, जिथे कुणी सापडेल तिथे ते हे वाक्य टाकत. त्यात खोटं काही नव्हतं. साडेनऊ वर्षं दर मंगळवारी एका दैनिकाच्या घरगुती पुरवणीत 'ताईंचा सल्ला' हे सदर छापून येत होतं आणि त्यात शाईपासून गंजापर्यंत यच्चयावत डाग निघत होते. कागदावर.

सदरातल्या त्या ताई म्हणजे हे सल्लागार. वय पन्नाशीचं, मिशी झुपकेदार आणि स्वतःचा रुमाल स्वतः धुण्याचा प्रसंग जन्मात एकदाही आलेला नाही. ऑफिसात सगळे त्यांना 'ताई'च म्हणत. "ताई, मजकूर झाला का?" असं शिपायानेही विचारलं, तरी ते मिशीवरून हात फिरवत "झाला!" म्हणत.

मजकूर नेहमीच झालेला असे. सल्लागारांच्या टेबलाच्या खणात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्यात छापून आलेल्या सगळ्या सल्ल्यांची कात्रणं. त्यांतलंच एखादं फिरवून, उलटवून, वाचकाचं पत्र स्वतःच लिहून ते नवा सल्ला तयार करत. सदराला जागा होती बावीस ओळींची. मजकूर एकवीस ओळी भरला, तर सल्लागार त्यात 'हे मिश्रण अर्धा तास तसेच ठेवावे' हे हुकमी वाक्य घालत. अर्धी ओळ कमी पडली, तर 'जोमाने घासावे'. आणि तेवीस ओळी झाल्या, तर ऑफिसचा नियम ठरलेला होता: मजकूर वाढला की खालून कापायचा. साडेनऊ वर्षांत सदर एका ओळीने वाढलं नाही की एका ओळीने कमी झालं नाही. या गोष्टीचा सल्लागारांना इतका अभिमान होता, की डाग खरंच निघतात का, हे विचारायचं राहूनच गेलं.

विचारायला फार लांब जावं लागलं नसतं. त्यांची बायको शाळेत रसायनशास्त्र शिकवत होती.

आणि मग सदराचा पाचशेवा सल्ला आला.

"ताई, बसा," संपादक म्हणाले. त्यांचा चेहरा पाहूनच सल्लागार उभे राहिले. "मालकीणबाई पुरवणी बंद करायला निघाल्यात."

"काय सांगता, साहेब!"

"आख्ख्या पुरवणीत त्या फक्त तुमचं सदर वाचतात, म्हणून अडलंय. आता त्यांनी ठरवलंय, पाचशे सल्ले देणाऱ्या ताईंना एकदा भेटायचं. ताईंच्या घरी. रविवारी, पाच वाजता."

"पण साहेब, ताई म्हणजे मीच ना!"

"हे तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. बाईंना ठाऊक नाही. साडेनऊ वर्षं एका मिशीवाल्याने आपल्याला घर झाडायला शिकवलं, हे त्यांना कळलं तर सदर जाईल. सदराबरोबर पुरवणी जाईल. आणि पुरवणीबरोबर कोण कोण जाईल, ते मी सांगायला नको."

सल्लागारांच्या तोंडचं पाणी पळालं.

"घरी बायको आहे ना?" संपादकांनी विचारलं.

"आहे."

"मग झालं तर! रविवारी ती ताई. तुम्ही ताईंचे मिस्टर."

बायकोने सगळं ऐकून घेतलं. उत्तरपत्रिका तपासता तपासता ऐकलं, त्यामुळे त्या गठ्ठ्यातल्या दोन मुलांचे मार्क उगाचच कमी झाले.

"करीन," ती शेवटी म्हणाली. "पण दोन अटी. एक, त्या दिवशी तुम्ही तोंड उघडायचं नाही."

"मंजूर!"

"दोन, माझ्या गालिच्याला हात लावायचा नाही."

गालिचा तिचा होता. गडद डाळिंबी रंगाचा, लोकरीचा, दिवाणखान्याच्या बरोबर मधोमध अंथरलेला. तो तिने स्वतः निवडला होता, स्वतः उचलून आणला होता आणि त्यावर चपला घालून येणाऱ्याकडे ती अशी काही बघे, की माणूस चपलांसकट दाराबाहेर जाई.

"अगं, मी कशाला हात लावतोय?" सल्लागार म्हणाले. आणि ते खरंच होतं. हात त्यांनी लावला नाही. पाय लागला.

रविवारी तीन वाजता बायको बिस्किटं आणि फुलं आणायला बाहेर पडली. घरात सल्लागार आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी. मुलगी सोफ्यावर पाय वर घेऊन पुस्तक वाचत होती. सल्लागार येरझाऱ्या घालत होते.

"मी एकदा ट्रे घेऊन येऊन बघतो," ते म्हणाले. "रंगीत तालीम!"

"बाबा, कॉफी आणून ठेवायची तर आहे. त्यात तालीम कसली?"

"ताईंचा नवरा ट्रे कसा आणतो, यावर ताईंची प्रतिष्ठा असते!"

त्यांनी कॉफी केली. म्हणजे, कॉफीसारखं दिसणारं काहीतरी केलं. कपात ओतलं, कप ट्रेवर ठेवला आणि छाती काढून, हनुवटी वर करून, जणू पदक घ्यायला निघाल्यासारखे ते दिवाणखान्यात आले. हनुवटी वर असल्यामुळे गालिच्याची झालर दिसली नाही. अंगठा झालरीत अडकला. सल्लागार सावरले, ट्रे सावरला. कप मात्र एकटाच पुढे गेला.

बशीएवढा डाग. बरोब्बर मधोमध.

"बाबा, हलू नका!" मुलगी उडी मारून उठली. "कोरडं फडकं आणते. नुसतं दाबून टिपायचं. आणि आईला फोन करते."

"फोन?" सल्लागार ताठ झाले. "कॉफीच्या डागासाठी ताईंनी फोन करायचा? चारशे नव्व्याण्णव सल्ले कुणी लिहिले? डबा आण माझा! पिशवीत आहे!"

पाचशेव्या सल्ल्याच्या निमित्ताने डबा घरी आणलेला होता. सल्लागारांनी झाकण उघडलं आणि एखाद्या वैद्याने नाडी बघावी तशी कात्रणं चाळली.

"हे बघ! 'कॉफीच्या डागावर मीठ पसरावे. वरून व्हिनेगर शिंपडावे. गरम पाण्यात भिजवलेल्या ब्रशने जोमाने घासावे.' आण ब्रश!"

"बाबा, लोकर आहे. घासलं तर डाग पसरेल."

"छापलेलं आहे!" सल्लागार म्हणाले. यापुढे वाद संपतो, अशी त्यांची समजूत होती.

त्यांनी जोमाने घासलं. पहिल्या पाच मिनिटांत डाग बशीएवढा होता, तो ताटाएवढा झाला. घासता घासता सल्लागारांना अंधुक आठवलं, की 'जोमाने घासावे' हे तर आपण त्या वेळी अर्धी ओळ भरायला घातलं होतं. पण हात आता थांबेना.

"दुसरं काय लिहिलंय?" मुलीने विचारलं.

"'कॉफीच्या डागाला गरम पाणी मुळीच लावू नये. गार पाणी ओतावे, त्यावर खाण्याचा सोडा टाकून...'"

"आत्ता तर म्हणालात गरम!"

"ते एप्रिलमधलं. हे मेमधलं."

सोडा व्हिनेगरवर पडला आणि गालिच्याच्या तोंडाला फेस आला. आधी बुडबुडे, मग जाड थर, मग चांगला ढीग! मुलगी हसून हसून सोफ्याच्या हातावर पडली. सल्लागार मात्र खूश झाले. "बघ, डाग वर येतोय!" फेस बसला तेव्हा डाग वर आला नव्हता, बाजूला गेला होता. आता तो मोठ्या परातीएवढा होता, कडेने तपकिरी आणि मधे मळकट, एखाद्या नकाशात दलदल दाखवतात तसा.

चार वाजले.

"बाबा, मी आईला फोन करतेय."

"थांब! हा घे रामबाण!" सल्लागारांनी डब्याच्या तळातून एक पिवळं पडलेलं कात्रण काढलं. "'कोणताही हट्टी डाग. डागावर ब्लीच ओतावे. हे मिश्रण अर्धा तास तसेच ठेवावे. डागाचा मागमूसही राहणार नाही.' वाक्यं बघ कशी आहेत!"

"पुढे काही नाही?"

"पूर्णविराम आहे. पुढे काय असणार?"

त्यांनी मोरीतली बाटली आणली आणि ओतली. मनापासून ओतली.

आधी वास आला. मग मुलीला ठसका लागला. मग सल्लागारांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि नेमकं त्याच क्षणी दारात बायको उभी राहिली. एका हातात बिस्किटांचा पुडा, दुसऱ्या हातात फुलं. तिने एकदा हुंगलं. फक्त एकदा.

"व्हिनेगरवर ब्लीच ओतलं? शुद्धीवर आहात का? विषारी वायू होतो त्याचा! खिडक्या उघडा! पंखा लावा! सगळे बाहेर! आधी बाहेर!"

तिघंही गॅलरीत आली आणि डोळे पुसत, खोकत, रांगेने कठड्याला टेकून उभी राहिली. खालून जाणाऱ्या एका माणसाने आदराने टोपी काढली. त्याला वाटलं, घरात कुणी गेलं.

"कुणी सांगितलं होतं?" बायकोने विचारलं.

"ताईंनी," मुलगी म्हणाली.

बायकोने हात पुढे केला. सल्लागारांनी कात्रण दिलं. तिने ते वाचलं, उलटवलं, पुन्हा वाचलं. वर्गात कॉपी पकडल्यावर तिचा आवाज जितका शांत होत असेल, तितक्याच शांत आवाजात तिने विचारलं, "याच्याखाली काय होतं?"

"बावीस ओळी आहेत. संपलं तिथे."

"आणि तेविसावी?"

तेविसावी ओळ सल्लागारांना आठवली. सगळ्या कापलेल्या ओळी आठवत नसत, पण ही आठवत होती, कारण कापताना त्यांना थोडं वाईट वाटलं होतं. वाक्य चांगलं जमलं होतं.

"'मात्र हा उपाय फक्त पांढऱ्या सुती कापडावर, आणि व्हिनेगर लागलेल्या जागी कधीही नाही.'"

"ती का काढलीत?"

"अगं, जागा नव्हती."

बायकोने कठड्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. तिसरा मजला होता. क्षणभर तिने काय विचार केला, ते तिचं तिलाच ठाऊक.

वारा खेळून घरातला वास गेला, तेव्हा सगळे आत आले. डाग गेला होता. कात्रण शब्दाला जागलं होतं, मागमूसही राहिला नव्हता! त्याबरोबर गालिच्याचा रंगही गेला होता. डाळिंबी गालिच्यावर मधोमध एक फिकट पिवळट गोल उरला होता, टकलासारखा. साडेचार वाजले होते.

"फिरवू या," मुलगी म्हणाली. "तो भाग सोफ्याखाली घालू."

गालिचा ओढला. गोल सोफ्याखाली गेला. पण गालिच्याचं दुसरं टोक दारापर्यंत पोचलं आणि दार उघडेना. गालिचा परत आणला. मग खुर्ची ठेवली, तर गोल चारी पायांमधून डोकावत होता. शेवटी बायकोने आतून टीपॉय आणला, त्यावर टेबलक्लॉथ घातला, तोही जमिनीपर्यंत लोंबणारा, आणि वर फुलदाणी ठेवली. दिवाणखान्याच्या बरोबर मधोमध, सोफ्यापासून इतका लांब, की कप ठेवायला उठून चार पावलं चालावं लागलं असतं.

"विचारलं तर?" सल्लागारांनी विचारलं.

"तुम्हाला विचारणार नाहीत," बायको म्हणाली. "तुम्ही तोंड उघडायचं नाहीये."

बेल वाजली. दहा मिनिटं आधीच.

मालकीणबाई किडकिडीत होत्या. पांढरे केस, हातात काठी, खांद्याला पिशवी. मागे संपादक, इस्त्रीच्या शर्टात घामाघूम. बाईंनी दारातच तिघांचे लाल डोळे पाहिले आणि त्यांचा चेहरा विरघळला.

"अहो ताई, रडता काय! मी भेटायला आले म्हणून एवढं?"

"भरून आलं, बाई," बायको म्हणाली. आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. तिने टीपॉयकडे पाहिलं होतं.

बाई सोफ्यावर बसल्या. टीपॉयकडे बघून त्यांची भुवई जरा वर गेली. पिशवीतून त्यांनी एक जाड वही काढली. तिच्यात 'ताईंचा सल्ला'ची कात्रणं चिकटवलेली होती. सल्लागारांचं ऊर भरून आलं. त्यांना वाटलं, बाईंच्या पाया पडावं. पण अट आठवली, म्हणून ते ट्रे आणायला गेले.

"आता मला एक सांगा ताई," बाई म्हणाल्या, "शाईचा डाग दुधाने निघतो म्हणता. माझा का निघाला नाही?"

"निघत नाही," बायको म्हणाली. "दूध नासतं आणि शाई राहते."

सल्लागारांनी आणलेली कॉफी संपादकांनी एका घोटात संपवली.

"पण तुम्हीच लिहिलंय!"

"चूक लिहिलंय."

"आणि बटाट्याने गंज?"

"थोडाफार. पण त्यासाठी अख्खी दुपार बटाटा घासण्यापेक्षा किसून घेतला तर निदान पोटात तरी जाईल."

दारामागे मुलगी तोंडात ओढणी कोंबून उभी होती. संपादक छताकडे बघत होते. बाई मात्र पुढे सरकल्या. इतक्या वर्षांत त्यांच्याशी असं सरळ बोलणारं कुणी भेटलं नसावं.

"मग हा," त्यांनी वहीतलं एक पान उघडलं. "तुमचा एकशे पस्तिसावा सल्ला. हट्टी डागांचा..."

"एकशे छत्तिसावा!"

हा आवाज सल्लागारांचा. तो त्यांच्या तोंडून निघाला, आणि निघाल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं, त्यामुळे ट्रे सुटला. नशिबाने रिकामा होता.

बाईंनी वहीत पाहिलं.

"एकशे छत्तीसच आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "ताईंच्या मिस्टरांना बरं पाठ आहे!"

"त्यांना... आवड आहे," संपादक म्हणाले.

बाई उठल्या. चार पावलं चालल्या. काठीच्या टोकाने त्यांनी टेबलक्लॉथ उचलला आणि वाकून खाली पाहिलं. खूप वेळ पाहिलं. सल्लागारांना वाटलं, संपलं. सदर संपलं, पुरवणी संपली, आपण संपलो.

"सात वर्षं," बाई म्हणाल्या. "सात वर्षं आमच्याकडे दिवाणखान्याच्या मधोमध असंच एक टेबल आहे. असंच लोंबणारं कापड. पाहुणे विचारतात, इथे का? मी सांगते, हौस! त्या टेबलाला आमचे हे तीनदा अडखळून पडले. आणि ते ब्लीच मी स्वतः ओतलं होतं. पण ओतणारी मीच, चूक माझी, असं कसं म्हणायचं? घरकामाच्या बाईंनी बाटली चुकीची दिली म्हणून मी त्यांना काढून टाकलं."

टेबलक्लॉथ काठीवरून पुन्हा खाली लोंबला.

"हे लिहिलं कुणी?" बाईंनी काठी सल्लागारांच्या मिशीवर रोखली.

"मी," सल्लागार म्हणाले. अटीचा आता उपयोग नव्हता. "पण बाई, सल्ला पूर्ण होता! खाली अजून एक ओळ होती. पांढऱ्या सुती कापडावरच वापरा, अशी!"

"मग ती कुठे गेली?"

"जागा नव्हती, बाई. बावीसच ओळी बसतात."

बाईंनी संपादकांकडे पाहिलं. संपादकांनी मान डोलावली. ही गोष्ट त्यांना इतकी रास्त वाटत होती, की दुसरं काही असू शकतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

निकाल तिथेच लागला, टीपॉयशेजारी उभ्याउभ्याच. पुरवणी राहील. सदर राहील. पण ते यापुढे ताईच लिहितील, म्हणजे या खऱ्या ताई, आणि त्यांना लागतील तितक्या ओळी मिळतील. "आणि तुम्ही," बाई सल्लागारांना म्हणाल्या, "येत्या मंगळवारी एकशे छत्तिसाव्या सल्ल्याबद्दल दिलगिरी छापायची. तुमच्या हाताने लिहायची. ती नीट आली, तर तुमचं पुढे काय करायचं ते बघू. मी स्वतः वाचणार आहे. आणि आमच्या त्या जुन्या बाईंना वाचून दाखवणार आहे."

सल्लागार रविवारी रात्रभर आणि सोमवारी दुपारपर्यंत त्या दिलगिरीवर बसले. आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं इतकं खरं त्यांनी लिहिलं. आधी मूळ सल्ला जसाच्या तसा दिला, वाचकांना संदर्भ लागावा म्हणून. मग चूक काय, ती कशी झाली, ब्लीच रंगीत लोकरीवर का घालू नये, व्हिनेगरबरोबर का घालू नये, सगळं मुद्देसूद. शेवटी क्षमा मागितली. लिहून झाल्यावर बायकोने वाचलं आणि काहीही खोडलं नाही.

"चांगलं झालंय," ती म्हणाली.

मंगळवारी सकाळी मुलीने पेपर उघडला. बायको चहाचा कप घेऊन शेजारी बसली. टीपॉय अजून मधोमधच होता.

"'दिलगिरी,'" मुलीने वाचायला सुरुवात केली. "'आमच्या एकशे छत्तिसाव्या सल्ल्याबाबत वाचकांना कळवण्यात येते, की तो सल्ला पुढीलप्रमाणे होता. कोणताही हट्टी डाग. डागावर ब्लीच ओतावे. हे मिश्रण अर्धा तास तसेच ठेवावे. डागाचा मागमूसही राहणार नाही.'"

ती थांबली.

"पुढे?" बायकोने विचारलं.

"पुढे गाद्यांची जाहिरात आहे."

बायकोने कप खाली ठेवला. त्यासाठी तिला उठून चार पावलं चालावं लागलं. तिथूनच ती वळली.

"अहो, बाकीचं कुठेय?"

सल्लागार पेपरच्या त्या कोपऱ्याकडे बघत होते. आदल्या संध्याकाळी साडेसात वाजता ऐनवेळी जाहिरात आली होती. पान छपाईला जायला दहा मिनिटं होती आणि दिलगिरीला जागा उरली होती नऊ ओळींची. हात आपोआप चालला होता, खालून. त्यांनी बोट ठेवून ओळी मोजल्या. नऊ. एक कमी नाही, एक जास्त नाही.

"पण बसलंय कसं चपखल, बघ!" ते म्हणाले.

आणि फोन वाजला.